१९७८चा सुपरमॅन घरी पुन्हा बघायचाय? मग आधी एवढं करा

दिग्दर्शक रिचर्ड डॉनरचा सुपरमॅन आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय खरा, पण कसा बघितलाय? कोणी व्हीसीआरवर, कोणी दोन-तीन चकत्यांच्या व्हीसीडीवर, कोणी केबलवर मधूनच लागलेला. म्हणजे चौकोनी टीव्हीत बसवायला दोन्ही बाजूंनी कापलेली फ्रेम, धुरकट रंग आणि मधे जाहिराती. आणि आता लोक म्हणतात की "लहानपणी भारी वाटलेला, आता बघवत नाही, फार स्लो आहे". माझं म्हणणं असं की तुम्ही तो पिक्चर अजून नीट बघितलेलाच नाहीये, आणि घरातल्या साध्या टीव्हीवर सुद्धा तो नीट बघता येतो, फक्त सुरू करायच्या आधी थोडी तयारी लागते, अर्धा-पाऊण तासाची. ती सगळी इथे क्रमाने सांगतो.

पहिलं काम: कुठला सुपरमॅन ते ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. ह्या एका पिक्चरच्या तीन वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या बाजारात आहेत आणि डबीवर पुढून सगळ्यांचं नाव जवळपास सारखंच दिसतं, म्हणून नाव बघू नका, मिनिटं बघा.

१४३ मिनिटं, म्हणजे २ तास २३ मिनिटं, हा डिसेंबर १९७८ मध्ये थिएटरला लागलेला मूळ पिक्चर. १५१ मिनिटांचा आहे तो स्पेशल एडिशन, ह्या शतकाच्या सुरुवातीला डीव्हीडीसाठी डॉनरच्या सहभागाने बनवलेला, त्यात सुपरमॅन पहिल्या रात्रीच्या पराक्रमानंतर आपल्या खऱ्या बापाशी, जॉर-एलशी बोलतो तो सीन परत आलाय आणि खलनायक लेक्स लुथरच्या अड्ड्यावर जाताना त्याला गोळ्या, आग, बर्फ ह्यातून जावं लागतं तो भागही. आणि तिसरा १८८ मिनिटांचा, तीन तासांच्याही वर, जो मुळात अमेरिकन टीव्हीसाठी ताणलेला. त्याची गंमत अशी की निर्माते साल्काइंड बापलेकांना टीव्ही चॅनेलकडून मिनिटामागे पैसे मिळणार होते, मग काय, कापून टाकलेलं जे जे सापडलं ते सगळं परत जोडलं, लुथरचा जाडा सहाय्यक ओटिस रस्त्याने चालतोय तर चालतोयच. डॉनरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझा सल्ला सरळ आहे, पहिल्यांदा किंवा बऱ्याच वर्षांनी बघत असाल तर १४३ मिनिटांचाच बघा. १५१ वाला वाईट नाहीये पण त्यात आवाज नव्याने मिक्स केलाय, नवे इफेक्ट घातलेत, जुन्या लोकांना ते खटकतं आणि मलाही खटकतं. १८८ वाला फक्त ज्यांना पिक्चर पाठ आहे त्यांच्यासाठी, रविवारी दुपारी कुतूहल म्हणून लावायचा.

डिस्क विकत घेताना किंवा कोणाकडून मागून आणताना एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत निघालेल्या २००१च्या डीव्हीडीवर आणि २००६च्या पहिल्या ब्लू-रेवर १५१ वालाच होता. २०११च्या ब्लू-रे संचात १४३ आणि १५१ दोन्ही आले. १८८ वाला २०१७ मध्ये ब्लू-रेवर निघाला. आणि २०१८ मध्ये फोरके डिस्क (ब्लू-रेपेक्षाही बारकावे दाखवणारी) आली ती मूळ १४३ मिनिटांच्या पिक्चरची, पुढे २०२३ मध्ये फोरकेचा पाच पिक्चरचा संच आला. स्ट्रीमिंगवर किंवा भाड्याने घेत असाल तर प्ले दाबायच्या आधी माहितीच्या पानावर वेळ बघा, तिथे २ तास २३ मिनिटं दिसलं की झालं.

आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडीची भानगड

इथे जरा थांबतो कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या डीव्हीडी बहुतेक पाल नावाच्या टीव्ही पद्धतीच्या. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेम्सने, पाल चालतं २५ने, मग सोपा उपाय म्हणून पिक्चरच ४ टक्के वेगाने पळवतात. म्हणजे १४३ मिनिटांचा पिक्चर साधारण १३७ मिनिटांत संपतो. तर डबीवर १३७ दिसलं म्हणून काही कापलंय असं समजू नका, सीन सगळे आहेत, पण आवाजाचा सूरही वर चढतो, जवळजवळ पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). बोलण्यात कळत नाही, पण जॉन विल्यम्सच्या संगीतात कळतं, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलेली ती सुरुवातीची थीम ज्यांच्या कानात बसलीय त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं पण काय ते सांगता येत नाही. ब्लू-रे आणि फोरकेवर पिक्चर २४नेच चालतो, त्यामुळे ही कटकट नाही.

रीजनचं, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल त्या कोडचं, पण एकदा सांगून टाकतो, अमेरिकेतला भाऊ नाहीतर दुबईची मावशी डिस्क घेऊन येणार असेल तर कामाला येईल. डीव्हीडीला भारत रीजन ५, ब्लू-रेला रीजन सी, त्यामुळे बाहेरची डिस्क घेताना रीजन तपासा. फोरके डिस्कला रीजन नसतोच, कुठूनही आणा, चालते.

प्लेयर

वेगळा प्लेयर घ्यायची गरज नाही. घरात पोरांचा डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ असेल किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स असेल तर दोन्हीवर फोरके डिस्क चालते. प्लेस्टेशन ४ प्रोवर मात्र चालत नाही, नावात प्रो असलं तरी, त्यावर साधी ब्लू-रे लावा.

टीव्हीवर ज्या एचडीएमआयला प्लेयर लावलाय त्याची एक सेटिंग बदलावी लागते नाहीतर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) सुरूच होत नाही. सॅमसंगला तिला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीला एचडीएमआय डीप कलर, सोनीला एन्हान्स्ड फॉरमॅट. प्लेयरच्या बाजूने २४ फ्रेम्सचं आउटपुट ऑटोवर ठेवा.

आणि एक स्पष्ट बोलतो. स्वस्तातला फोरके टीव्ही असेल, ज्याचा उजेड मुळातच बेताचा, तर त्यावर एचडीआर लावून पिक्चर अंधारा दिसतो आणि लोक डिस्कला शिव्या देतात. अशा टीव्हीवर साधी ब्लू-रेच जास्त चांगली दिसते. फोरकेचा हट्ट धरायचं काही कारण नाही.

टीव्हीची सेटिंग, इथेच निम्मी लढाई

रिमोट हातात घ्या आणि पिक्चर मोडमध्ये जा. फिल्ममेकर मोड असेल तर डोळे मिटून तोच निवडा, नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही. व्हिविड आणि डायनॅमिक नको, दुकानात गिऱ्हाईक ओढायला असतात ते. चित्र पिवळट वाटेल पहिली दहा मिनिटं, मग डोळ्याला सवय होते.

मग मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो ते, बंद. सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो, नाव काही असू दे, बंद करा. हे चालू राहिलं तर सुपरमॅन उडताना तो आणि मागचं आकाश वेगवेगळे सुटून दिसतात आणि १९७८ची सगळी मेहनत एखाद्या मालिकेतल्या चमत्कारासारखी दिसते. खरंच, "इफेक्ट जुने झालेत" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांचा हा पर्याय चालू असतो कोणास ठाऊक.

शार्पनेस शून्यावर किंवा टीव्ही सांगेल त्या तटस्थ आकड्यावर आणि नॉइज रिडक्शन बंद. इथे थोडं समजून घ्या, कारण हा पिक्चर मुद्दाम मऊ आहे. कॅमेरामन जेफ्री अनस्वर्थ, त्यांनी लेन्सपुढे डिफ्यूजन वापरून सगळीकडे हलकं धुकं धरल्यासारखा उजेड पसरवलाय, दिव्यांभोवती वलयं दिसतात, सुपरमॅन जिथे वाढतो त्या स्मॉलव्हिल गावातली शेतं तर जुन्या आठवणीसारखी दिसतात. अनस्वर्थ ऑक्टोबर १९७८ मध्ये गेले, पिक्चर लागायच्या आधीच, आणि पिक्चर त्यांनाच अर्पण केलाय. तर हे धुकं म्हणजे खराब प्रिंट नाही, ते शार्पनेस वाढवून घालवायला गेलात तर चेहऱ्यांना पांढऱ्या कडा येतील. दाणेदारपणा पण तसाच राहू द्या, फिल्मवर शूट केलंय, दाणे असणारच.

शेवटचं म्हणजे स्क्रीनचा आकार. झूम काढा. सॅमसंगला फिट टू स्क्रीन, एलजीला जस्ट स्कॅन, सोनीला फुल पिक्सेल. पिक्चर रुंद आहे, २.३९ ला १, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच, ५५ इंची टीव्हीवर प्रत्येकी साधारण ९ सेंटीमीटरच्या. आई म्हणेल टीव्ही अर्धा रिकामा का दिसतोय, तर सांगा की बघ जरा, पाच मिनिटांत कळेल.

कारण पिक्चर सुरू होतो तो थिएटरच्या पडद्याने. पडदे बाजूला होतात, आत छोटी चौकोनी काळी-पांढरी फ्रेम, जून १९३८ असं लिहून येतं, एक लहान मूल कॉमिक उघडून वाचायला लागतं. मग कॅमेरा वर जातो, आकाशात, आणि अक्षरं निळ्या रेघा ओढत त्या छोट्या चौकटीबाहेर धावत सुटतात आणि स्क्रीन दोन्ही बाजूंना रुंद होतो. झूम चालू असेल तर ही गंमत पार मेली. म्हणूनच ही पाच मिनिटं म्हणजे तुमची टेस्टही आहे, चौकट नीट मधोमध चौकोनी दिसली आणि नंतर नावं कुठेही कापली गेली नाहीत तर आकार बरोबर लागलाय.

रंगाची टेस्ट क्रिप्टॉनवर, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहावर. तिथल्या लोकांचे कपडे रोडवरच्या पाट्यांसारख्या उजेड परत फेकणाऱ्या कापडाचे आहेत, म्हणून ते स्वतःच पेटल्यासारखे दिसतात. जॉर-एल झालेल्या मार्लन ब्रँडोच्या छातीवर सपाट पांढरा डाग दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट खाली आणा, कापडाची चमक आणि सुरकुत्या दोन्ही दिसायला हव्यात. सुपरमॅनच्या कपड्याचा निळा मात्र सीनप्रमाणे थोडा बदलतो, त्यावरून टीव्हीला दोष देऊ नका. ब्लूस्क्रीनपुढे (निळा पडदा, ज्याच्या जागी नंतर दुसरं चित्र बसवतात) निळा ड्रेस घातला तर माणूसच गायब होणार, म्हणून त्या शॉट्ससाठी मोरपिशी छटेचा ड्रेस शिवला होता आणि रंग नंतर निळ्याकडे ओढला.

आवाज

साउंडबार असेल तर नाइट मोड बंद, कारण तो मोठा आवाज दाबतो आणि छोटा फुगवतो, विल्यम्सचं संगीत त्यात चपटं होतं. ऑडिओ मेनूत एकापेक्षा जास्त ट्रॅक असतील तर हेलिकॉप्टरचा सीन दोन्हींवर ऐकून बघा आणि जो आवडेल तो ठेवा. डेली प्लॅनेट ह्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, टाइपरायटर चालू, संपादक पेरी व्हाइट ओरडतोय, तिथे संवाद कळत नसतील तर सबटायटल लावा, लाज कसली. लुथरच्या बोलण्यातले टोमणे तर सबटायटलशिवाय निसटतातच.

खुर्ची आणि वेळ

५५ इंची टीव्हीला साडेपाच ते साडेसात फूट अंतर. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, दहा-बारा फुटांवर, तर त्या दिवसापुरता पुढे ओढा. मागे एखादा मंद दिवा चालेल, ट्यूबलाइट नको.

रात्री साडेआठला जेवणं उरकून बसा. इंटरव्हल पिक्चरमध्ये नाहीये, पण आपल्याला लागतोच, तर तो कुठे घ्यायचा हे आधी ठरवा. सुपरमॅन बातमीदार लोइसला उडवून आणतो, मग क्लार्क (म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला तोच) तिच्या दारात येतो, तो सीन संपला की थांबा, दीड तासाच्या थोडं पुढे. त्याच्या आधी कितीही कोणी म्हटलं तरी थांबू नका.

बघताना कशाकडे बघायचं

स्लो आहे, हो. पाऊण तास होऊन जातो तरी तो ड्रेस अंगावर दिसत नाही. हल्लीच्या पिक्चरमध्ये एवढ्या वेळात तीन शहरं पडतात. पण पहिल्या तासाभरात तीन वेगळे पिक्चर आहेत असं समजून बघा, बर्फाळ नाटकी क्रिप्टॉन, मग कॅनडातल्या अल्बर्टात शूट केलेलं कान्सासचं गाव, आणि मग धावपळीचं मेट्रोपोलिस, जे उघड उघड न्यूयॉर्क आहे. प्रत्येक भागात माणसं बोलतात सुद्धा वेगळी. हा पिक्चर घाई करत नाही हेच त्याचं बळ आहे, आणि मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला तास ओळख करून घेण्याचा आहे.

गावातला एक सीन नीट बघा. ग्लेन फोर्डने केलेले म्हातारे जोनाथन केंट, क्लार्कला वाढवणारे बाबा, पोराला सांगतात की तू इथे आलायस त्याला काहीतरी कारण आहे, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउन करून गुण मिळवणं हे ते कारण नाही. मिनिटभरात स्वतःचा हात धरून ते अंगणात कोसळतात. एवढी ताकद असून पोरगा त्यांना वाचवू शकत नाही. दुसरीकडे जॉर-एलने बजावून ठेवलंय की माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही. शेवटी सुपरमॅन काळ मागे न्यायला पृथ्वी उलटी फिरवतो त्यावर सगळे हसतात, हसा, शास्त्र म्हणून ते हास्यास्पदच आहे, पण तेव्हा त्याच्या कानात ह्या दोन्ही बापांचे आवाज येतात आणि तो एकाचं ऐकतो हे लक्षात ठेवून बघितलंत तर तो शेवट वेगळा लागतो.

दुसरा सीन तर मागे घेऊन परत बघायचाच. लोइसच्या घरी क्लार्क एकटा उभा, ती आतल्या खोलीत. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह चष्मा काढतो, खांदे मागे, पाठ ताठ, अंगाने अक्षरशः वाढतो, आवाज खाली उतरतो, आता सांगणार, सांगणार, आणि मग धीर सुटतो, चष्मा परत, खांदे परत पडतात. एकही इफेक्ट नाही. "चष्म्याने कसं ओळखत नाहीत" हा जो जुना विनोद आहे त्याला रीव्हने दिलेलं उत्तर आहे ते. पोस्टरवर मोठी नावं ब्रँडो आणि लुथर झालेल्या जीन हॅकमनची होती, ह्या पोराला तेव्हा कोण ओळखत होतं.

आणि उडणं. पोस्टरवर वचनच दिलेलं की माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल. त्यासाठी झोरान पेरिसिकने एक युक्ती काढली, मागे पडद्यावर आकाश दाखवणारा प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्हींना झूम लेन्स लावून दोन्ही एकत्र झूम करायच्या. मागचं आकाश कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं पण पुढचा माणूस मोठा होत जातो, म्हणजे नट जागेवरच टांगलेला आणि वाटतं तो आपल्याकडे येतोय. ह्या कामाला ऑस्करचा खास पुरस्कार मिळाला. काही शॉटमध्ये कडा दिसतात, फोरकेवर जास्तच दिसतात, पण रीव्ह वळताना आधी डोळे, मग मान, मग खांदा फिरवतो तेव्हा तुम्ही कडा बघत बसत नाही.

हेलिकॉप्टरच्या आधी एक छोटी गंमत आहे, क्लार्क कपडे बदलायला जागा शोधतो आणि समोरचा फोन नुसता खांबावर लावलेला, बूथच नाही. कॉमिकमध्ये तो फोन बूथमध्ये बदलायचा, हे मुलांना आधी सांगून ठेवा नाहीतर तो हशा फुकट जातो.

शेवटची नावं पूर्ण चालू द्या, लांबलचक आहेत पण खाली संगीत सुरू असतं. स्ट्रीमिंगवर पुढचं आपोआप सुरू होण्याचा पर्याय आधीच बंद करा.

नंतर काय बघायचं

दुसरा भाग लगेच लावायचा मोह होणार. तर त्याचीही भानगड ऐका. दोन्ही पिक्चर एकत्रच शूट होत होते, मग निर्मात्यांशी बिनसलं, डॉनरला काढलं आणि दुसरा भाग रिचर्ड लेस्टरने पुरा केला. जीन हॅकमन नंतर परत आलाच नाही, त्यामुळे दुसऱ्या भागात तो जेवढा दिसतो ते सगळं डॉनरच्या वेळचं, आणि ब्रँडोला तर काढूनच टाकलं. २००६ मध्ये डॉनर कट निघाला, ११६ मिनिटांचा, त्यात ब्रँडो परत आला, आणि एक महत्त्वाचा सीन शूटच झाला नव्हता म्हणून तिथे रीव्ह आणि लोइस झालेल्या मार्गो किडरची स्क्रीन टेस्टच (नट निवडताना घेतलेली चाचणी) जोडलीय, केस आणि अंगकाठी बदललेली स्पष्ट दिसते तरी सीन जमतो.

आता अडचण अशी की पृथ्वी उलटी फिरवायचा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी ठरलेला, तो उचलून पहिल्याला लावला, आणि डॉनर कटमध्ये तो परत तिथेही आहे. म्हणजे लागोपाठ दोन रात्री बघितलेत तर घरचे म्हणणार हे कालच झालं ना. म्हणून घरच्यांसोबत आधी लेस्टरचा १२७ मिनिटांचा लावा, त्यात शेवट वेगळा आहे, आणि डॉनर कट महिनाभराने एकट्याने बघा.